बिग ब्लाइंड, बटण आणि साडू

पत्र नेरूळहून आलं आहे. थोडं छाटून देते. पोकर न खेळणाऱ्यांसाठी आधी शब्द. प्रत्येकाला दोन झाकलेली पानं मिळतात आणि मध्ये सगळ्यांची मिळून पाच उघडली जातात: पहिली तीन म्हणजे फ्लॉप, चौथं टर्न, पाचवं रिव्हर. बटण ही वाटणाऱ्याची जागा, ती दर हाताला पुढे सरकते; तिच्या डावीकडचे दोघे पानं बघण्याआधीच स्मॉल आणि बिग ब्लाइंड भरतात, अँटी ही त्यावरची भर. पॉट म्हणजे मधला ढीग. बेट म्हणजे चिप्स लावणं, रेझ म्हणजे रक्कम वाढवणं, कॉल म्हणजे तेवढीच भरणं, फोल्ड म्हणजे पानं टाकणं, चेक म्हणजे काही न लावता पुढे देणं, चेक-रेझ म्हणजे आधी चेक करून समोरच्याने लावल्यावर वाढवणं, ऑल-इन म्हणजे सगळ्या चिप्स आत. सूटेड म्हणजे एकाच रंगाची दोन पानं, ऑफसूट म्हणजे वेगळ्या रंगांची. आणि चोरी म्हणजे कमकुवत पानांवर रेझ करून दुसऱ्यांचे ब्लाइंड उचलणं.

"आम्ही नऊ जण दर शनिवारी रात्री एका मित्राच्या रो-हाउसच्या गच्चीवर पोकर टूर्नामेंट खेळतो. पैसे लावत नाही. प्रत्येकाला २०,००० चिप्स. पहिल्या तिघांना दहा, सहा आणि चार गुण, आणि वर्षअखेर ज्याचे गुण जास्त त्याच्याकडे चषक. अडचण अशी, की माझा बिग ब्लाइंड आला की माझे साडू बटणावरून हटकून रेझ करतात. मी पानं टाकली की हसतात. एकदा तर उघडून दाखवली, नव्वी आणि तिर्री! तेव्हापासून ठरवलं, आता सोडायचं नाही. गेल्या शनिवारी ब्लाइंड ५००-१,००० होते, वर १,०००ची अँटी, ती बिग ब्लाइंडच भरतो. साडूंनी २,२०० केले. मी राजा-चौकी ऑफसूटवर कॉल केला. माझ्यापुढे ३८,००० उरले होते. फ्लॉप राजा, नव्वी, दुर्री. मी चेक-रेझ केला, टर्नला मोठी बेट, रिव्हरला ऑल-इन. त्यांच्याकडे राजा-राणी. घरी येताना बायको म्हणाली, 'तू पत्ते खेळत नाहीस, भावोजींशी भांडतोस.' मार्चमध्ये गोव्याला एका टूर्नामेंटला जायचं चाललंय. त्याआधी सांगा, चोरीचा संशय आला की कोणत्या पानांवर उभं राहायचं आणि कोणती टाकायची? — लुटलेला साडू, नेरूळ"

लुटलेले साडू, नमस्कार.

आधी बसायच्या जागांचं बघू. तुमच्या उजवीकडची एक खुर्ची सोडून पलीकडच्या खुर्चीत साडू बसत असतील, तर तुमचा बिग ब्लाइंड आला की बटण त्यांच्यापुढेच असणार. दर फेरीला, रात्रभर. यात त्यांचा काही डाव नाही. आणि बटणावर बसलेल्याने रेझ करायचा नाही तर कोणी करायचा? आधीच्या सहा जणांनी पानं टाकलेली, पुढे फक्त दोघे उरलेले, शिवाय फ्लॉपनंतर प्रत्येक वेळी शेवटी बोलायची सोय. अँटी असलेल्या टूर्नामेंटमध्ये जाणते खेळाडू बटणावरून शंभरातल्या चाळीस-पंचेचाळीस हातांवर सहज रेझ करतात. समोर साडू असो नाहीतर अनोळखी माणूस. तेव्हा दर शनिवारी खेळ सुरू होण्याआधी एक्का ते नव्वी अशी नऊ पानं पिसून जागा काढा आणि मध्यांतराला पुन्हा काढा. निम्मी तक्रार तिथेच मिटेल. उरलेल्या निम्म्या रात्री दुसरं कोणीतरी त्या खुर्चीत असेल आणि तेही रेझ करेल, तेव्हा तुम्हाला कळेल की प्रश्न माणसाचा नव्हता.

तुम्ही विचारलंय ते 'संशय आला की काय करायचं.' माझं म्हणणं असं, की संशय ही तिसऱ्या नंबरची गोष्ट आहे. पहिली गोष्ट भाव, म्हणजे कॉल किती स्वस्तात पडतोय. दुसरी, तुमच्यापुढे किती चिप्स आहेत. या दोन्ही टेबलावर दिसतात, मोजता येतात. साडूंच्या मनात काय आहे ते दिसत नाही, आणि एकदा दाखवलेल्या नव्वी-तिर्रीवरून तर मुळीच नाही. ती पानं त्यांनी मुद्दाम दाखवली. तुम्ही चिडून पुढच्या वेळी कॉल करावा म्हणूनच दाखवली, आणि तुम्ही केलात.

आता भाव. गेल्या शनिवारचेच आकडे घेऊ. साडूंचे २,२००, स्मॉल ब्लाइंडचे सोडून दिलेले ५००, तुमचा ब्लाइंड १,००० आणि तुमचीच अँटी १,०००. पॉटमध्ये ४,७०० आहेत. तुम्हाला घालायचेत १,२००. कॉल केल्यावर पॉट ५,९०० होतो, म्हणजे तुमचा वाटा साधारण २० टक्के. पाचातून एकदा पॉट तुमच्याकडे आला तरी या १,२००चा हिशोब बरोबरीत सुटतो. आणि पत्त्यांमध्ये पाचातून एकदा जिंकणं किती सोपं असतं बघा: पोकरमधला सगळ्यात बदनाम हात, सत्ती-दुर्री ऑफसूट, एक्का-राजाविरुद्ध पाचही पानं उघडली तर साधारण तीनातून एकदा जिंकतो. अठ्ठी-सत्ती सूटेड असेल तर शंभरात चाळिसेक वेळा.

मग सगळ्याच पानांवर कॉल का नको? कारण पाचही पानं कोणी तुम्हाला फुकट बघू देत नाही. गडकरी रंगायतनचं बाल्कनीचं तिकीट स्वस्त असतं, पण नट तिथून लहान दिसतो. बिग ब्लाइंडची सवलत तशीच आहे, जागा वाईट म्हणून भाव कमी. फ्लॉपवर पहिलं तुम्हीच बोलायचं, टर्नवर तुम्ही, रिव्हरवर तुम्ही. जोडी नसलेली दोन पानं फ्लॉपवर तीनातून दोनदा काहीच पकडत नाहीत, मग साडू बेट करतात आणि तुम्ही टाकता. कागदावरच्या त्या तेहेतीस टक्क्यांतले प्रत्यक्ष पदरात किती पडतात हा खरा प्रश्न. फ्लॉपवर टिकून राहायला काहीतरी आधार देणारी पानं त्यातलं बरंचसं पदरात पाडतात. लांब-लांबची, वेगळ्या रंगांची पानं फारच थोडं.

म्हणून २,२००च्या बटण-रेझवर, तुमच्यापुढे तीस-चाळीस बिग ब्लाइंडएवढ्या चिप्स असताना, मी बरंच काही खेळते. सगळ्या जोड्या. कुठलाही एक्का. सूटेड राजा आणि सूटेड राणी, सोबत काहीही असो. गुलाम-सत्ती सूटेड, नव्वी-छक्की सूटेड, पंजी-चौकी सूटेड. ऑफसूटमध्ये लागून असलेली पानं, दश्शी-नव्वीपासून सत्ती-छक्कीपर्यंत. राजा-चौकी ऑफसूटसुद्धा. (यातले वरचे काही हात नुसता कॉल करण्यापेक्षा परत रेझ करायला बरे, ते पुढे येईल.) टाकून देते ती सत्ती-दुर्री, अठ्ठी-तिर्री, नव्वी-दुर्री, दश्शी-तिर्री, गुलाम-दुर्री अशी ऑफसूट मंडळी. ही यादी पाठ करू नका, कारण भाव बदलला की ती बदलते. साडूंनी ३,००० केले तर तुम्हाला २,००० घालून ७,५००च्या पॉटमध्ये बसायचंय, वाटा २७ टक्क्यांच्या जवळ. ४,००० केले तर ३,००० घालून ९,५००, म्हणजे ३२ टक्क्यांच्या आसपास. घरगुती खेळात तिप्पट-चौपट रेझची सवय असते, आणि तिथे राजा-चौकी निमूटपणे टाकायची असते. मध्यांतराआधी तुमच्याकडे अँटी नसेल तर २,२००चा वाटासुद्धा २० वरून साडेचोवीसवर जातो. ऐरोलीहून सुटल्यावर ट्रान्स-हार्बरच्या गाडीत नेरूळ येईपर्यंत मोबाइलवर हे भागाकार करत बसा. चार दिवसांत तोंडपाठ होतील.

आणखी एक, हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते. बिग ब्लाइंडमध्ये दीर्घकाळात कोणीच कमावत नाही. जगातले उत्तम खेळाडूही त्या जागेवरून तोट्यातच असतात. तुम्ही प्रत्येक वेळी पानं टाकलीत तर दर फेरीला २,००० जाणार, हे ठरलेलं. कॉल करून सरासरी १,५०० गेले तर तुम्ही ५०० वाचवलेत. बचाव याचा अर्थ एवढाच. लुटारूला पकडून चौकीत नेणं असा त्याचा अर्थ नाही. तो अर्थ डोक्यात बसला की माणूस जिंकण्यासाठी कॉल करतो, आणि मग राजा-चौकीवर ३८,००० घालवतो. एकदा पॉटमध्ये टाकलेला ब्लाइंड तुमचा राहिलेला नसतो. तो परत मिळवायला कोणी जात नाही. स्वस्तात पॉट मिळतोय म्हणून कॉल करायचा, आणि मिळत नसेल तर नाही.

तुमचा कॉल बरोबर होता. बिनसलं ते फ्लॉपनंतर. राजा, नव्वी, दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगांची असतील असं धरते. तुमच्याकडे वरची जोडी आणि किकर, म्हणजे जोडीसोबतचं पान, चौकी. साडूंनी लहान बेट केली, तुम्ही चेक-रेझ केलात. आता विचार करा, त्या रेझवर कोण थांबतं? एक्का-अठ्ठीसारखं काही असेल तर साडू टाकतात. नव्वीची जोडी, पंज्यांची जोडी, बहुतेक टाकतात. थांबतो तो राजा, आणि राजा-तिर्री सोडली तर त्यांचा प्रत्येक राजा तुमच्या राजाएवढा तरी चांगला. तुम्ही चेक-रेझने नेमके हरणारे हात हाकलले आणि जिंकणारे आत ठेवले. मग टर्न, मग रिव्हर, दर वेळी पॉट फुगवत. अशा हाताला पॉट लहान ठेवायचा असतो. चेक, साडूंच्या २,०००ला कॉल. टर्नला परत चेक, ५,०००च्या आत असेल तर कॉल. रिव्हरला चेक, आणि तिथे त्यांच्या बेटचा आकार बघून ठरवायचं. राजा-राणीपुढे काही ना काही जाणारच होतं, ते कोणाला चुकत नाही. पण सात-आठ हजार किंवा फार तर पंधरा हजार गेले असते आणि तुम्ही अजून टेबलावर असतात. वर, साडूंकडे काहीच नसतं तर या मार्गाने त्यांनी आणखी एक-दोनदा खोटी बेट केली असती, जी चेक-रेझने तुम्ही बंद करून टाकलीत.

चोरी होते ती मुख्यतः फ्लॉपवर. फ्लॉपआधी साडू २,२०० घालून २,५०० उचलू बघतात, त्यांना तुम्ही दोघांनी निम्म्याहून थोडं कमी, सत्तेचाळीस टक्के वेळा पानं टाकली तरी पुरतं. फ्लॉपवर पॉट ५,९०० झालेला असतो आणि ते २,००० लावतात. इथे तुम्ही चारातून एकदा टाकलंत तरी त्यांचं भागतं. बहुतेक मंडळी चारातून अडीच-तीनदा टाकतात. आधी अभिमानाने कॉल, मग 'काही लागलं नाही' म्हणून फोल्ड. असा माणूस दर वेळी १,२०० जास्तीचे देऊन चोराला दारापर्यंत सोडून येतो. त्यापेक्षा फ्लॉपआधीच टाकलेलं काय वाईट?

म्हणून कॉल करतानाच ठरवा की लहान बेट आली तर कशावर थांबायचं. २,०००ला कॉल करून पॉट ९,९०० होतो, पुन्हा तुमचा वाटा २० टक्केच. कुठलीही जोडी, तळातली सुद्धा, एकदा तरी थांबते. दोन्ही बाजूंनी सीक्वेन्स पुरा होऊ शकत असेल तर थांबते, एकाच रंगाची चार पानं झाली असतील तर थांबतेच. मध्ये एकच पान हवंय पण सोबत फ्लॉपपेक्षा मोठं पान आहे, तरी बहुतेक वेळा थांबते. साडूंनी पॉटच्या पाऊणपट लावले तर ही यादी लगेच आखडते. फ्लॉपवर पहिली बेट तुम्ही करू नका, चेक करून त्यांना बोलू द्या, आणि चेक-रेझ योग्य जागी वापरा. सत्ती-पंजी-चौकी असा खालचा फ्लॉप आला तर तो तुमचा आहे. छक्की-तिर्री, सत्ती-पंजी, पंजी-चौकी ही पानं बटणावाल्यापेक्षा बिग ब्लाइंडकडे जास्त वेळा असतात, कारण स्वस्तात आत येणारे आपणच. तिथे दोन जोड्यांनी चेक-रेझ करा आणि अठ्ठी-छक्कीनेही करा (सीक्वेन्स झालेलाच आहे). अधूनमधून नुसत्या छक्कीवर, म्हणजे अर्ध्या झालेल्या सीक्वेन्सवरसुद्धा. एक्का-राजा-काहीतरी असा फ्लॉप आला तर तो त्यांचा. तिथे हट्ट नको.

आता चिप्स. वरचं सगळं तीस-चाळीस ब्लाइंड असताना. बारा ते अठरा ब्लाइंड उरलेत तेव्हा तुमच्याकडे एक हत्यार येतं जे साडूंना खरंच नकोसं वाटेल: त्यांच्या रेझवर थेट ऑल-इन. हिशोब मांडू. अँटी आणि ब्लाइंड टाकून तुमच्यापुढे १४,००० उरलेत. साडू २,२०० करतात. त्यांच्याकडे तुमच्याहून जास्त चिप्स आहेत. तुमच्या हातात एक्का-पंजी, दोन्ही बदाम. तुम्ही सगळं आत ढकलता. ते टाकतात तेव्हा ४,७०० तुमचे. ते कॉल करतात तेव्हा पॉट ३१,५००चा होतो, आणि त्यांच्या कॉलच्या पानांपुढे तुम्ही, समजा, ३६ टक्के वेळा जिंकता. म्हणजे सरासरी ११,३४० परत येतात आणि घातलेत १४,०००, तोटा २,६६०. साडू दहातून सहादा टाकत असतील तर एकूण हिशोब दर वेळी १,७५०च्या आसपास फायद्यात. बरोबरी साधायला त्यांनी तीनातून एकदाहून जरासं जास्त टाकलं तरी भागतं. शंभरातल्या पंचेचाळीस हातांवर रेझ करणारा माणूस ऑल-इनला पंधरा हातांवरच कॉल करत असेल, तर तो तीस वेळा टाकतोय, म्हणजे तीनातून दोनदा.

एक्का-पंजी सूटेडच का? तुमच्या हातात एक एक्का असला की त्यांच्याकडे एक्क्यांची जोडी किंवा एक्का-राजा असण्याची शक्यता घटते, आणि कॉल झालाच तर रंग किंवा सीक्वेन्स व्हायची आशा राहते. लहान जोड्या, राजा-गुलाम, राणी-गुलाम सूटेड हेही या कामाला चांगले. राजा-चौकी ऑफसूट नाही. मोठ्या जोड्या आणि एक्का-राजा तर ओघाने आलेच.

इथे मात्र संशय कामाला येतो, कारण सगळा फायदा साडूंच्या फोल्डमधून येतोय. ते टाकतात का? गच्चीवर भावंडं, मेहुण्या, मुलं बघत असताना 'ऑल-इन' ऐकून पानं टाकायची लाज वाटणारे लोक असतात. साडू त्यातले असतील आणि राणी-दश्शीवरही 'बघू तर खरं' म्हणून कॉल करत असतील, तर एक्का-पंजी ढकलणं बंद करा. मग अठ्ठ्यांची जोडी आणि वर, एक्का-दश्शी आणि वर, एवढंच ढकला आणि कॉल होऊ द्या. चोर पैसे देऊन जातोय, तक्रार कशाला?

म्हणून नोंद ठेवा, पण बरोबर गोष्टीची. सगळ्यांनी पानं टाकून डाव बटणापर्यंत आला असं किती वेळा झालं, त्यातल्या किती वेळा साडूंनी रेझ केला, आणि कोणी परत रेझ केल्यावर किती वेळा टाकलं. चार-पाच शनिवार तरी. एका रात्रीत अशा वेळा मोजक्याच येतात, त्यावरून काही ठरवू नका. आणखी एक बघा: नेहमी २,२०० करणारे साडू मध्येच ३,००० करतात का? घरगुती खेळात मोठ्या हाताचा रेझ मोठा करायची खोड फार लोकांना असते. चेहरा वाचण्यापेक्षा हे सोपं आणि खात्रीचं.

चाळीस ब्लाइंड असतानाही परत रेझ करता येतो, ऑल-इनची गरज नाही. पण जागा वाईट असल्यामुळे आकार मोठा लागतो. त्यांच्या २,२००वर ९,०००-१०,००० करा. मोठ्या हातांनी करा, आणि सोबत काही असे हात घ्या जे कॉल करायला कमकुवत पण टाकवतही नाहीत, एक्का-चौकी किंवा राजा-छक्की सूटेडसारखे. रात्रीत एक-दोनदा पुरे. साडूंनी टाकलं की पानं मिटून द्या. दाखवायची नाहीत, आणि त्यांनी दाखवलेल्यावर हसायचं.

दहा ब्लाइंडच्या खाली चिप्स असतील तर विचार कमी, ऑल-इन किंवा फोल्ड. कॉल करून फ्लॉप बघायचा आणि मग काहीही आलं तरी ढकलायचं, अशी एक जुनी युक्ती आहे. सात-आठ ब्लाइंड असताना कधी कधी चालते. सवय लावू नका.

मधला खेळाडू बाद झाला किंवा जागा बदलल्या आणि साडू स्मॉल ब्लाइंडमध्ये आले, तर सगळं उलटतं. आता फ्लॉपनंतर शेवटी तुम्ही बोलणार. त्यांच्या लहान रेझवर आणखी बरीच पानं खेळा, राजा-दुर्रीसुद्धा. तुमची बायको बघत असेल तर तिला वाटेल परत भांडण सुरू झालं. वाटू दे.

मात्र एक वेळ अशी असते की भाव कितीही चांगला असला तरी हात आखडायचा. तुमच्याकडे पहिल्या तिघांनाच गुण आहेत, म्हणजे चौघे उरले की कोणीतरी एक जण रिकाम्या हाताने जाणार. समजा ब्लाइंड २,०००-४,००० झालेत. साडूंकडे ९५,०००, तुमच्याकडे ६०,०००, उरलेल्या दोघांकडे १५,००० आणि १०,०००. साडू बटणावरून ८,५०० करतात. तुमच्याकडे एक्का-पंजी सूटेड, नेमके पंधरा ब्लाइंड. वरच्या हिशोबाने ढकलायला हवं. इथे टाका. ते दोघे फेरी-दोन फेऱ्यांत संपणार आहेत, आणि तुमचे सहा गुण जवळजवळ हातात आहेत. ६०,००० जिंकून तुमचे गुण दुप्पट होत नाहीत, हरलात तर मात्र शून्य. टूर्नामेंटमध्ये मिळवलेली चिप गमावलेल्या चिपेपेक्षा स्वस्त असते. याचा रीतसर हिशोब आयसीएम नावाने चालतो, पण त्याचं गणित न येताही एवढं दिसतं. साडूंना हे कळत असेल तर तिथे ते दर हाताला रेझ करतील आणि ते बरोबरच असेल. तुमच्याकडे ९५,००० आणि त्यांच्याकडे ६०,००० असते तर हेच तुम्ही करायचं होतं. बक्षिसांच्या काठावर ज्याच्याकडे जास्त, त्याची दादागिरी चालते, आणि तिथे उभं राहणं याला मी शौर्य म्हणत नाही.

पैसे लावत नाही हे चांगलं करता. तसंच ठेवा. आपल्याकडे १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे, आणि पोकर कौशल्य की नशीब हा वाद कोर्टात रंगतो, तो तुमच्या गच्चीवर रंगायला नको. मोबाइलवर पैसे लावून सराव करायचा विचार असेल तर तोही सोडा. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांना बंदी घालणारा कायदा केला, त्यात पोकरही आलं.

गोव्याचं. पनवेलहून कोकणकन्येने रात्री निघून सकाळी करमळीला उतरा, पणजी तिथून जवळ. मांडवीतल्या बोटींवरच्या टूर्नामेंटमध्ये बसण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: अँटी कोणत्या लेव्हलपासून (लेव्हल म्हणजे ब्लाइंड वाढण्याचा टप्पा) आणि ती बिग ब्लाइंड एकटाच भरतो का, लेव्हल किती मिनिटांची, आणि बक्षिसं कितव्या नंबरपर्यंत. पहिल्या दोनवरून भाव आणि चिप्सचा हिशोब बसेल, तिसऱ्यावरून हात कुठे आखडायचा ते कळेल. तिथे तुमच्या उजवीकडे दुसऱ्या खुर्चीत जो कोणी असेल, त्याचा रेझ किती पट आहे ते पहिल्या दोन फेऱ्या नुसतं बघा. २,२०० ते २,५००च्या मापातला असेल तर नेरूळचीच यादी चालेल. तिप्पट करणारा निघाला तर राजा-चौकी खाली ठेवा आणि चहा मागवा.